कोठडीतल्या माणसाचे वजन

नागपंचमीला आमच्याकडे विळी चालत नाही. तवा चढत नाही, भाजी चिरत नाहीत, शेतात नांगर-वखर घालत नाहीत. जमिनीखाली नाग असतो, त्याला इजा व्हायला नको. पुरणाची दिंडे उकडायची, भिंतीवर काढलेल्या नागाला दूध-लाह्या दाखवायच्या आणि धारेची वस्तू हातात न घेता दिवस काढायचा. आर्वीकडची कुठलीही म्हातारी हे नियम पाठ म्हणून दाखवील. नियम मोडला तर काय होते, हेही सांगेल.

१९४२ साली नागपंचमी १६ ऑगस्टला आली. वार रविवार. त्या दिवशी आर्वी तहसिलीतल्या आष्टी गावात माणसे मेली, ठाण्याच्या आतली आणि बाहेरचीही.

आष्टी आज स्वतंत्र तालुका आहे. तेव्हा वर्धा जिल्ह्यात तीनच तहसिली होत्या, वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी, आणि आष्टीच्या माणसाचे सरकार म्हणजे आर्वी. जमिनीचे कागद, तगाई, कापसाचा बाजार, सगळ्यासाठी आर्वीला यायचे. आर्वीहून पुढे जायचे तर छोट्या रुळांची शकुंतला पुलगावला सोडायची, तिथून मोठी गाडी. आर्वी हे तेलंगरावांच्या नावाने ओळखले जाणारे कापसाचे गाव. तेलंगरावांच्या समाधीला हिंदूही नमस्कार करतात आणि मुसलमानही. पण या सगळ्या मुलखाला एक वेगळी सवय लागली होती. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहत होते. पवनारला विनोबा होते. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांचे नाव पुढे आले ते इथूनच. तुरुंगात जाणे ही वर्धा जिल्ह्यात लाजेची गोष्ट राहिली नव्हती. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहापासून लोक झोळी भरून तयार असत. पण तो तुरुंग वेगळा होता. त्यात आत जाण्याची तारीख असे, तशी बाहेर येण्याचीही.

१४ जुलै १९४२ ला वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी जावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ९ च्या पहाटे सगळे मोठे पुढारी उचलले गेले. विनोबाही गेले. खेड्यापाड्यांत उरले ते ठराव ऐकलेले आणि पुढारी नसलेले लोक. त्यानंतरच्या रविवारी आष्टीत मिरवणूक निघाली. ठाण्यावर तिरंगा लावायचा, एवढाच बेत. ठाण्याने नाही म्हटले, गोळी चालली, माणसे पडली. पडलेल्यांत डॉ. गोविंद मालपे होते, रशीद खान होते. मग जमाव मागे हटायच्या ऐवजी पुढे गेला. ठाण्याचे सब-इन्स्पेक्टर आणि शिपाई मारले गेले.

आपल्याकडे ही कथा सांगताना पहिली गोळी सांगतात आणि मग थेट हुतात्मा स्मारकावर येतात. मधले वाक्य गिळतात. ते शिपाईही कुणाच्या तरी घरचेच होते, आणि नागपंचमी त्यांच्याही घरी होती. हे न सांगता पुढची गोष्ट कळत नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्या मधल्या वाक्याचीच आहे.

त्याच दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असेच झाले. तुकडोजी महाराजांचा चातुर्मास तिथे चालू होता. सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गोळीने गेला. लोकांच्या हातून सब-डिव्हिजनल मॅजिस्ट्रेट डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि पोलीस मारले गेले. नंतर चिमूरला लष्कर आले आणि बायांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करायला सरकार तयार होईना. तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्टला अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूर अशा दोन तुरुंगांत ते डिसेंबरपर्यंत होते. पुढे सरकारी कागदात, वर्तमानपत्रात आणि लोकांच्या तोंडी दोन्ही गावांचे जोडनाव झाले. आष्टी-चिमूर. मधली रेघ पुसायला आजही कुणी तयार नाही.

जमावाने माणूस मारला की मारणारा हात कोणता, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. इंग्रजांनी त्यावर १८६० च्या दंड विधानातच उपाय करून ठेवला होता. कलम १४९. बेकायदा जमावाचा हेतू एक, तर त्या हेतूपायी झालेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार. काठी कुणाची लागली हे विचारायची गरज नाही, तुम्ही तिथे होता का एवढेच विचारायचे. साध्या न्यायालयात हे कलम लावताना साक्षी-पुराव्यांचा कीस पडतो, वर अपील असते, हायकोर्ट असते. पण १९४२ चे न्यायालय साधे नव्हते. जपानी फौजा येतील या धास्तीने व्हाइसरॉयने २ जानेवारी १९४२ ला विशेष फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम काढला होता. शत्रू दारात आल्यावर वापरायचे हत्यार ऑगस्टमध्ये आपल्याच लोकांवर चालले. कुठला खटला या न्यायालयात न्यायचा हे सरकारच्या मर्जीवर. नेहमीचे अपील नाही. फाशी किंवा मोठी शिक्षा झाली तर हायकोर्टाचा एक नेमलेला न्यायाधीश कागद तपासून बघणार, तेवढेच. या रस्त्याने आष्टी आणि चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. एक-दोन नव्हे, पुष्कळ.

शिक्षा सुनावली की माणूस एका कायद्याच्या हातून सुटतो आणि दुसऱ्याच्या हाती जातो. त्या दुसऱ्या कायद्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे, कारण पुढाऱ्यांच्या तुरुंगकथांत तो फारसा येत नाही. तो म्हणजे १८९४ चा नववा कायदा, प्रिझन्स ॲक्ट.

हा कायदा छोटा आहे. पातळ पुस्तिका, एका बैठकीत वाचून होते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आले आणि मग ते विरले. सगळे मोजून लिहिलेले. सक्तमजुरीच्या कैद्याला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त कामाला लावता येणार नाही. तुरुंगात आल्यावर डॉक्टरने तपासायचे, अंगावरच्या जखमा आणि खुणा वहीत लिहायच्या, कोणते काम झेपेल ते ठरवायचे. प्रत्येक कैद्याचे एक हिस्ट्री-तिकीट. कामावर असलेल्या कैद्याचे वजन पंधरवड्यातून निदान एकदा घेऊन त्या तिकिटावर मांडायचे. नऊ तास चक्की ओढणारा माणूस झिजतो किती, हे सरकारला कळायला हवे असे.

तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे. काम मुद्दाम बिघडवणे, आजाराचे सोंग करणे, उद्धटपणा. आणि मग शिक्षांची यादी, चढत्या क्रमाने. ताकीद. आणखी जड काम. माफीचे दिवस कापणे. सुती कपड्याऐवजी तरटाचे कपडे, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. हातकड्या. बेड्या. तीन महिन्यांपर्यंत वेगळी कोठडी. शिक्षेचा आहार. एकांताची कोठडी चौदा दिवस. आणि सगळ्यांत शेवटी फटके, तिसापर्यंत. बायांना बेड्या नाहीत आणि फटकेही नाहीत, ही मेहरबानी.

फटक्यांचे कलम ५३ एकदा सावकाश वाचावे. सुपरिंटेंडेंट आणि डॉक्टर दोघेही हजर हवेत. वेत हलका हवा, पण जाडी अर्ध्या इंचाहून कमी नको. मारायचे ते नितंबांवरच. सोळा वर्षांखालच्या मुलाला अधिक हलक्या वेताने, शाळेतल्या शिक्षेसारखे. आणि फटके हप्त्याहप्त्याने मारू नयेत. म्हणजे आज दहा, परवा दहा, जखम भरली की उरलेले दहा, असे करायचे नाही. कुठल्या तरी तुरुंगात, कुणीतरी ते केले असणार, नाहीतर कलमात हे वाक्य आले नसते. कायद्यातल्या अशा प्रत्येक तपशिलामागे एक माणूस उभा असतो, त्याचे नाव कुठे नसते.

या कायद्याखाली सगळे कैदी सारखे नव्हते. सारखे नसावेत ही मागणीही एका कैद्याच्या जिवावर मान्य झाली. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना माणसासारखे वागवा म्हणून जतींद्रनाथ दासांनी ६३ दिवस अन्न सोडले आणि १३ सप्टेंबर १९२९ ला ते गेले. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १९३० मध्ये सरकारने अ, ब, क असे वर्ग केले. राजकीय कैदी हा शब्द मात्र टाळला. वर्ग ठरणार सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीची सवय यावर. अ वर्गाला घरचे कपडे, पुस्तके, बरे जेवण, अधिक मुलाकाती. पण मोठ्या हिंसेच्या गुन्ह्यातल्या माणसाला अ वर्ग बंद. दासांच्या मरणातून निघालेला नियम असा झाला की बॅरिस्टराला गादी मिळाली आणि आष्टीच्या शेतकऱ्याला घोंगडे. शिक्षण नाही, दर्जा नाही, राहणी वखर-कोळप्याची, आणि कलम खुनाचे. नियमाच्या प्रत्येक ओळीने त्याला क मध्ये ढकलले.

६३ हा आकडा आमच्या जिल्ह्यात आणखी एकदा आला. सेवाग्रामच्या आश्रमात प्रा. जयकृष्ण भणसाळी होते. विलक्षण माणूस. पूर्वी मौनव्रतात तोंडातून शब्द निघू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने शिवून घेतले होते. चिमूरच्या बायांची चौकशी व्हावी म्हणून ते दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारात जाऊन बसले. आपल्या यवतमाळचे लोकनायक अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. उत्तर मिळाले नाही. भणसाळी परत आले, चिमूरच्या रस्त्याला लागले, पकडले गेले, पुन्हा सेवाग्रामला आणून सोडले गेले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांचा उपास सुरू झाला. सरकारने त्याची बातमी छापायला बंदी केली. त्याच्या निषेधात ६ जानेवारी १९४३ ला देशभरच्या कित्येक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. १२ जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, कन्हैयालाल मुनशी वगैरेंच्या मध्यस्थीने उपास सुटला. भणसाळी जगले.

हे बाहेर. आत, फाशीच्या कोठड्यांत, फासावर जायची वाट बघणाऱ्यांसाठी त्या पातळ पुस्तिकेत फक्त एक कलम होते. तिसावे. त्यात दोन गोष्टी. पहिली, फाशीची शिक्षा झालेला कैदी तुरुंगात येताच त्याची झडती घ्यावी आणि धोक्याची वाटेल अशी प्रत्येक वस्तू काढून घ्यावी. दुसरी, त्याला इतर सर्व कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि त्याच्यावर दिवसा आणि रात्री पहारा असावा. संपले. नऊ तासांचे काम नाही, कारण त्याला काम द्यायचेच नाही. त्यामुळे पंधरवड्याचे वजनही नाही, कारण ते कलम कामावरच्या कैद्यांचे. माफीचे दिवस नाहीत, कारण शिक्षा दिवसांत मोजलेली नाही. फटके खाणाऱ्यासाठी वेताची जाडी लिहिणाऱ्या माणसाने मरणाऱ्यासाठी एवढेच लिहिले, कारण त्याच्या डोक्यात हा मुक्काम थोड्या दिवसांचा होता. झडती, कोठडी, पहारा आणि एक पहाट.

आष्टी-चिमूरच्या माणसांचा तो मुक्काम काही वर्षे चालला.

या पुस्तिकेची आठवण अलीकडे भलत्याच निमित्ताने झाली. मुले आता अंतराळातल्या कथा वाचतात, लिहितातही. घरातल्या एकाने मला विचारले की अंतराळ स्थानकावर कुणी गुन्हा केला तर त्याला ठेवायचे कुठे, आणि त्याला वागवायचे कसे? मी म्हटले, खऱ्या स्थानकावर तर कोठडीच नाही. स्थानकाच्या १९९८ च्या करारातल्या बाविसाव्या कलमाने एवढेच ठरवले आहे की माणूस ज्या देशाचा, त्याच्यावर त्या देशाचा फौजदारी कायदा. पण तुला कथेत कोठडी बांधायचीच असेल तर आधी १८९४ चा कायदा वाच. जिथून माणूस पाय बाहेर काढू शकत नाही अशा जागेचे नियम लिहिताना काय काय मोजावे लागते ते त्यात आहे. श्वास, पाणी, भाकरी, तास, अंगावरचे कापड. त्यात मोजायचे राहिले ते फक्त थांबणे. ते तू तुझ्या नियमात घाल. पोराने वहीत काहीतरी लिहून घेतले. त्याला लेसर बंदुकांविषयी विचारायचे होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

आष्टी-चिमूरच्या माणसांचे थांबणे वाढत गेले ते बाहेरच्या लोकांमुळे. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या त्यांतल्या अग्रणी. या माणसांना फाशी होऊ द्यायची नाही, एवढ्या एका कामाला त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. पैसे जमवणे, वकील उभे करणे, दारोदार सह्या, दिल्लीला खेपा. त्या काळातल्या बाईने खुनाच्या खटल्यातल्या खेडवळ आरोपींसाठी हे करणे सोपे नव्हते. काँग्रेसमधल्या काहींना अहिंसेच्या नावाखाली या कैद्यांपासून चार हात लांब राहणे बरे वाटत होते, असा माझा समज आहे. आगाखान पॅलेसमधून मे १९४४ मध्ये सुटलेल्या गांधीजींनी मात्र तसे केले नाही. हिंसा त्यांना मान्य नव्हती हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि तरीही या माणसांना फासावर चढवू नये म्हणून १९४५ मध्ये निवेदन काढले, व्हाइसरॉयच्या कचेरीला लिहिले.

कायद्याच्या आघाडीवर नाट्य त्याहून मोठे होते. ४ जून १९४३ ला दिल्लीच्या फेडरल कोर्टाने बनवारीलाल शर्माच्या खटल्यात सांगितले की विशेष न्यायालयांच्या वटहुकमातली मुख्य कलमेच बेकायदा आहेत. कोणता खटला कुठे चालवायचा हे निव्वळ अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडता येणार नाही. याचा अर्थ साधा होता. ज्या न्यायालयाने फाशी दिली ते न्यायालयच नव्हते. ही बातमी फाशीच्या यार्डात पोचली असेल तर त्या रात्री कुणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. पण दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, सरकारने नवा वटहुकूम काढला. १९४३ चा एकोणिसावा. जुनी न्यायालये बंद, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा कायम. एका दिवसाची मोकळीक. पुढे १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निकालच फिरवला आणि मूळ वटहुकूम बरोबर होता असे ठरवले.

तरीही या धावपळीचा एक फायदा झाला, आणि तो कुठल्या निकालात लिहिलेला नाही. प्रत्येक अर्जाला तारीख लागते. तारखेला वकील उभा राहतो, नक्कल मागावी लागते, नक्कल लंडनला जायला युद्धकाळातल्या बोटीने आठवडे लागतात. दयेचा अर्ज प्रांताच्या गव्हर्नरकडे, तिथून व्हाइसरॉयकडे. कागद फिरत असेपर्यंत दोर टांगता येत नाही. आपण सरकारी दिरंगाईला शिव्या घालतो, आणि त्या रास्तच असतात. आष्टीच्या घरांनी मात्र त्या दिरंगाईचा एकेक दिवस मोजून घेतला असेल.

मध्येच नागपूरला आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखक आणि वकील पु. य. देशपांडे यांना १९४४ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली अटक झाली. त्यांच्या पत्नी विमलाबाई देशपांडे हायकोर्टात गेल्या. नागपूर हायकोर्टाने सांगितले की पोलिसाला नुसता संशय आला म्हणून भागत नाही. संशयाला आधार होता हे त्यानेच दाखवायला हवे. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तेच कायम केले. युद्धाच्या ऐन भरात, इंग्रजांच्याच न्यायालयात, एका बाईने पोलिसांवर पुराव्याचे ओझे टाकून दाखवले. त्याच शहरात, त्याच तुरुंगाच्या भिंतीपासून फार लांब नाही. कायदा एकाच वेळी किती ठिकाणी किती वेगळा असतो!

तिसाव्या कलमाचा खरा हिशोब व्हायला अजून तिसाहून जास्त वर्षे लागायची होती. ३० ऑगस्ट १९७८ ला सुप्रीम कोर्टाने सुनील बत्रा खटल्याचा निकाल दिला. बत्राला दिल्लीच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती आणि तिहारमध्ये त्याला तिसाव्या कलमाचा दाखला देत एकटे ठेवले होते. कोर्टाने म्हटले की अपील आणि दयेचा अर्ज यांचे सगळे मार्ग संपेपर्यंत माणूस या कलमाच्या अर्थाने फाशीचा कैदी होतच नाही. आणि वेगळ्या कोठडीत ठेवा याचा अर्थ एकांतवास द्या असा नाही. एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे, ती न्यायाधीशाने द्यायची असते, जेलरने नव्हे. न्या. कृष्णा अय्यर त्या पीठावर होते. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मंडेला नियमांनी पंधरा दिवसांहून लांबलेल्या एकांतवासाला मनाई केली. १८९४ च्या इंग्रजाने एकांताच्या कोठडीला चौदा दिवसांची मर्यादा घातली होती हे इथे आठवते. त्याला शिक्षा म्हणून चौदा दिवस पुरेसे वाटले. वाट बघणे ही शिक्षा आहे, हे त्याला सुचले नाही, म्हणून तिथे मर्यादाही नाही.

बत्राचा अर्थ १९४३ ला लावता आला असता, तर आष्टी-चिमूरची माणसे त्या कोठड्यांत नसतीच. त्यांचे अर्ज फिरत होते. कायद्याच्या नव्या वाचनाप्रमाणे ती फाशीची माणसे नव्हतीच. पण कायदा मागे जाऊन वाचता येत नाही.

फाशीच्या कैद्याचे वजन घेत नाहीत, असे वर म्हटले ते पूर्ण खरे नाही. तिसाव्या कलमात ते नाही, पण जेल मॅन्युअलात आहे. फाशीच्या आधी त्याला तोलतात. अंगाचे वजन जितके जास्त तितका झोका कमी, असे कोष्टक छापलेले असते. दोर सोडायचा किती फूट, हे त्यावरून ठरते. मग तेवढ्या, किंवा त्याहून जास्त वजनाचे वाळूचे पोते दोराला टांगून बघतात. चक्की ओढणाऱ्याचे वजन घेतात ते तो झिजू नये म्हणून, आणि याचे घेतात ते दोर कमी पडू नये म्हणून. मोठ्या लोखंडी काट्याचा पाट दोघांसाठी तोच असणार.

१९४५ च्या जून-जुलैत सिमल्याला वाटाघाटी झाल्या आणि मोडल्या. युरोपातले युद्ध संपले होते, जपानचेही संपत आले. शेवटच्या यादीत सात माणसे उरली होती. गांधीजींचे पत्र होते, अनसूयाबाईंच्या खेपा होत्या, देशभरातल्या सभांचे ठराव होते. त्या ऑगस्टमध्ये, आष्टीच्या नागपंचमीला तीन वर्षे होत असताना, व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेलने सातही जणांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. १९४६ च्या एप्रिलात प्रांतात रविशंकर शुक्लांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि राजकीय कैद्यांच्या सुटकेचा रस्ता खुला झाला.

पण त्या दोन तारखांच्या मध्ये काही महिने आहेत. फाशी गेली, म्हणजे तिसावे कलम गेले, आणि कामाच्या तासांचे पस्तिसावे लागू झाले. कोठडीतून बाहेर, बरॅकीत, चार माणसांत. अंगाला काम. दिवसाचे नऊ तास, त्याहून जास्त नाही. आणि हिस्ट्री-तिकिटावर एक नवा रकाना, दर पंधरवड्याला एकदा भरायचा. काट्यावर उभे राहायचे, डॉक्टर आकडा सांगणार, मुनशी लिहून घेणार, आणि तो आकडा कुठल्या दोराशी ताडून बघायचा नसणार.